झारीवरचा अंगठा

अमरावती,
२८ मार्च २०२५

प्रिय संध्या,

पत्र सुरू करताना 'तुम्ही सगळे खुशाल असाल' असं लिहितात. मी नाही लिहीत. अडतीस वर्षं खुशाली विचारली नाही आणि आज एकदम विचारली, तर तुला हसूच येईल. मी रमा. तिवस्याजवळच्या आपल्या गावातली, मारोतीच्या पुजाऱ्याची, उद्धवरावांची पोरगी. सातवीपर्यंत वर्गात तुझ्या शेजारी बसायची ती. तुझा भाऊ नागसेन निवडणुकीच्या ड्यूटीवर आमच्या शाळेत आला होता, त्यानं तुझा अकोल्याचा पत्ता दिला. फोन नंबरही दिला. तो मी तीनदा काढला आणि तीनदा ठेवून दिला. तू मधेच फोन ठेवला असतास, तर माझं बोलणं अर्धंच राहिलं असतं. पत्र तू फाडलंस तरी निदान मी पूर्ण लिहिलेलं असेल.

इकडचं बरं चाललंय. पंचवीस वर्षं झाली, विज्ञान शिकवते. गुडघे बोलायला लागलेत. ऊन आत्ताच चाळिशीला टेकलंय, कूलरचं गवत बदलायचं राहिलंय. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. पूजा आता माझा धाकटा भाऊ अद्वैत करतो. त्याचा मुलगा शुभंकर इंजिनिअरिंगला आहे, माझ्याकडेच राहतो आणि दिवसभर मला शहाणपण शिकवतो.

बरं, मुद्द्यावर येते. गेल्या शनिवारी गावच्या मारोतीची खोळ गळाली. तुला आठवत असेल, दरवर्षी जत्रेआधी तेलात कालवलेला शेंदूर मूर्तीवर चढवतात, थरावर थर बसतो, आणि मग कधीतरी ते सगळं कवच आपोआप सुटून खाली येतं. तसंच झालं. अद्वैतनं तुकडे गोळा केले, तर एका तुकड्यात चांदीचे डोळे निघाले. दोन्ही. काळे पडलेले, पण तेच. जे चोरीला गेले म्हणून तुझ्या आईला गाव सोडावं लागलं, ते डोळे.

हे वाचून तू काय करशील ते मला माहीत नाही. मी अद्वैतचा फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात खालीच बसले.

गावात काय झालं असेल ते तू ओळखलंच असशील. रामरावांनी, हो, अजून आहेत, ब्याऐंशी वर्षांचे, देवस्थानचे पंच, त्यांनी जाहीर केलं की चमत्कार झाला. देवानं अडतीस वर्षांनी डोळे परत केले. कोणी म्हणालं, चोरणारीला पश्चात्ताप झाला म्हणून परत केले. १२ एप्रिलला हनुमान जयंतीच्या जत्रेसाठी फ्लेक्स छापायला गेलाय. अद्वैतनं त्यावर झारीचाही फोटो टाकलाय.

झारीवरून शुभंकरशी माझं भांडण झालं. त्याचं म्हणणं, जुन्या काळचे सगळे चमत्कार म्हणजे जादूचे प्रयोग. 'आत्या, महाराज म्हणजे त्या काळचा जादूगार, दुसरं काय? गर्दी जमवायची, हातचलाखी करायची, लोक पाया पडतात.' आपल्या महाराजांची गोष्ट तुला ठाऊक आहे. दुष्काळात यात्रेकरू तहानेनं पडायला लागले, महाराजांनी मारोतीच्या पारावर बसून एका झारीनं दिवसभर सगळ्यांना पाणी पाजलं आणि झारी काही संपली नाही. आणि गाव पुढं जोडतं ते, की झारीला माणूस कळतो, चोराच्या ओंजळीत तिचं पाणी थांबतं.

मी म्हटलं, बाळा, इतकं सोपं नसतं. आणि मग मी ती झारी दुरुस्तीचं निमित्त करून गावाहून आणली आणि अकोल्याला गोवर्धन तांबटांकडे घेऊन गेले. म्हणजे मी गेल्या मंगळवारी तुझ्या गावात होते, संध्या. तुझ्या घराचा रस्ता विचारला आणि वळून एसटीत बसले.

गोवर्धनकाकांनी झारी उलटी करून पाहिली, नखानं खरवडली आणि हसले. म्हणाले, 'बाई, भांडं जुनं हाये, पन हे झाळकाम जुनं नाई. वरचं तोंड कोनंतरी झाकन ठेवून पक्कं झाळलं, अन मुठीच्या खाली हे भोक पाडलं. साठ-सत्तर वर्सं झाली असतीन, जास्त नाई.'

मुठीखालचं भोक. त्यावर अंगठा ठेवला की आत हवा जात नाही, आणि हवा गेली नाही की बारक्या तोटीतून पाणी पडत नाही. अंगठा उचलला की धार सुरू. मी दरवर्षी आठवीला हवेचा दाब शिकवते. पाण्यात काचेची नळी बुडवते, वर बोट ठेवते, उचलून दाखवते. पोरं टाळ्या वाजवतात. पंचवीस वर्षं वाजवतायत.

म्हणजे बघ, शुभंकरचं उलटंच निघालं. जादूवरून गोष्ट झाली नव्हती. गोष्ट सातशे वर्षांची आणि जादू आमच्या आजोबांच्या वेळची. महाराजांनी या भोकाला कधी बोटही लावलेलं नाही. गोष्ट टिकवायला आमच्या घरानं भांड्याला भोक पाडलं.

आणि ते भोक मला माहीत होतं. त्या वर्षी बाबा शिडीवरून पडले, उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून झारी माझ्या हातात दिली. बारा वर्षांच्या पोरीचा हात देवाला चालतो म्हणाले. मला शिकवलं होतं, मी खाकरलो की अंगठा दाबायचा. रामरावांनी ठरवलं की त्या आठवड्यात ज्यांनी देवळाच्या भिंतींना चुना मारला, त्या पाचही जणांनी झारीखाली यायचं. चौघांना पाणी मिळालं. बाबा खाकरले आणि मी दाबला.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मावशींना सांगशील का? (तेव्हा तू माझ्या आईला काकू म्हणायचीस आणि मी तुझ्या आईला नुसतं सुंदराबाई. आता मावशी म्हणतेय, चालेल का तेही विचार.) जत्रेत मी हे सगळं माईकवर सांगायचं ठरवलंय. पण त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं नाव पुन्हा त्या पारावर काढायचा मला अधिकार नाही. म्हणून हे पत्र.

तुझी,
(हे लिहू की नको कळत नाही)
रमा


अकोला,
४ एप्रिल २०२५

रमा,

जय भीम.

तुझं पत्र तहसीलमध्ये डब्याच्या वेळेला उघडलं. डबा तसाच घरी नेला.

रात्री आईले वाचून दाखवलं. तिले आता कमी ऐकू येते, म्हणून काही वाक्यं दोनदा वाचावी लागली. डोळे शेंदरात निघाले हे मात्र तिनं एकदाच ऐकलं. उठली, पाणी पिऊन आली अन म्हणे, पुढं वाच.

सगळं झाल्यावर ती काय बोलली ते जसंच्या तसं लिहिते. तुले पुस्तकी मराठीची सवय असंन, तरी वाच.

'तिले सांग, भोक-बिक मले नवं नाई. मी तिच्या समोर ओंजळ धरून उभी होती. पोट्टीचा अंगठा पांढरा पडेलोक दाबेल होता, थे मले दिसलं. देव कोनाच्या नखात येत नाई. मी तवाच बोलली असती, पन बारा वर्साच्या पोट्टीवर बोट दाखवून मी सुटली असती काय? गावानं मलेच दगड मारले असते. अन दुसरं सांग. तिचा बाप खाकरला नाई. मी त्याच्याच तोंडाकडे पाहून राहिली होती, का हा मानूस आता काही बोलंन. तो खाकरला नाई. थो तर चमकला.'

एवढं बोलून झोपली.

आता माझं. त्या दिवशी आई पारावर चढताना काय म्हणाली होती, आठवते तुले? 'देव मानून नाई येत मी. चोर नाई, म्हून येते.' तेव्हा मी खाली उभी होती, तुझ्याकडे पाहून हसली होती. मले वाटलं, आपली रमा आहे वर, आता काय होते. आठवडाभरात आम्ही अकोल्याला. आई सरकी फोडायच्या कारखान्यात लागली, मी अन नागसेन तिथंच पोत्यावर अभ्यास केला. आम्ही काही वाईट नाही राहिलो. पण तुझं वाक्य, 'बाबा खाकरले', हे मी चारदा वाचलं. मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असते, रमा.

तू चार पानं झारी कशी चालते ते लिहिलं. अंगठा काहून दाबला, ते लिहिलं नाही.

आई जत्रेला येते म्हणते. म्हणे, तिच्या तोंडून ऐकीन. नागसेन घेऊन येईल. मी येणार नाही, इकडे चौदा तारखेच्या जयंतीची तयारी माझ्याकडे आहे.

संध्या


अमरावती,
१३ एप्रिल २०२५

प्रिय संध्या,

मावशी कालच घरी पोचल्या असतील आणि तुला चार शब्दांत सांगून झोपल्याही असतील. म्हणून मी लिहिते. हे कोणीतरी नीट सांगायला हवं.

पण आधी तू विचारलंस ते. काल माईकवर सांगितलं, तसंच इथं लिहिते.

बाबा खाकरले नव्हते.

शेंदूर चढवण्याआधी मूर्तीचे डोळे काढून ठेवायचे असतात. ते काम माझं होतं, माझी बोटं बारीक म्हणून. त्या वर्षी मी झारीचा अंगठा घोटत बसले आणि डोळे काढायचे विसरले. बाबांना वाटलं, मी काढलेत. त्यांनी पहाटेच्या समईत, डाव्या हातानं, कसाबसा बोटभर शेंदूर थापला, डोळ्यांसकट. संध्याकाळी म्हणाले, 'रमा, डोळे आण.' मी कोनाडा पाहिला, डबी पाहिली, आणि म्हणाले, 'मी तर काढून ठेवले होते.' मला वाटलं, ते कुठंतरी पडून हरवले आणि आता मार बसणार. शेंदराखाली असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही, देवाशप्पथ. त्या एका खोट्यावर चोरी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी झारीखाली चौघांना पाणी मिळालं, आणि मला समजलं की पाचव्याही माणसाला मिळालं तर सगळे माझ्याकडे वळतील. पाचवी तुझी आई होती. मी दाबला.

बाबांनी मला कधी विचारलं नाही. मीही नाही. मरेपर्यंत ते मला झारीला हात लावू देत नव्हते, एवढंच.

आता जत्रेचं ऐक.

बेचाळीस डिग्री. मांडवात दोन-अडीच हजार माणूस. फ्लेक्सवर मारोतीचे डोळे केवढे तरी मोठे. मावशी नागसेनच्या गाडीतून उतरल्या, पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी, आणि सरळ बायकांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. कोणी ओळखलं नाही. दोन म्हाताऱ्यांनी ओळखलं आणि एकमेकींचा दंड धरला.

रामरावांचं चमत्कारावर भाषण झालं. मग मी उठले. अद्वैतनं माझा हात धरला, म्हणाला, 'ताई, जत्रेनंतर घरी बोलू.' मी म्हटलं, 'घरी अडतीस वर्षं बोललो नाही आपण.' माईक घेतला. वर्गात पहिलं वाक्य निघालं की पुढचं निघतं, तसं झालं. भोक दाखवलं, डोळे सांगितले, खोटं सांगितलं, अंगठा सांगितला. शेवटी म्हटलं, सुंदराबाई चोर नव्हत्या, चोरी झालीच नव्हती, आणि त्या दिवशी या पारावर खोटं एकच माणूस बोललं, ती मी.

मग रामराव म्हणाले, 'बाईनं झारीले हात लावाचा नसते. ठेव थे खाली.'

मी म्हटलं, 'अडतीस वर्षांपूर्वी लावला होता, काका. तेव्हा तुम्हीच चालवून घेतलं.'

पाठीमागून कोणीतरी हसलं. आणि तेवढ्यात मावशी उठल्या. पारावर चढताना नागसेननं हात दिला, तो त्यांनी झटकला. माझ्यासमोर आल्या. 'आन इकडं थे झारी.'

मी दिली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, आपण बाजारात भांडं घेताना पाहतो तशी. बादलीत बुडवून भरली. अंगठा बरोबर भोकावर ठेवला. मग रामरावांकडे वळल्या.

'या, रामराव. ओंजय धरा.'

रामराव हलेनात. मांडवातून आवाज आला, 'धरा ना काका, चोर असतान काय?' आता ते अडकले. दोन हजार माणसांसमोर त्यांनी ओंजळ पुढं केली. मावशींनी झारी तिरपी केली. थेंब नाही.

'बंद झाली,' मावशी म्हणाल्या. 'काय चोरलं तुमी, रामराव?'

संध्या, तो मांडव असा हसला की वरच्या कापडावरची कबुतरं उडाली. रामरावांचा चेहरा पार उतरला. मावशी हसल्या नाहीत. त्या तशाच उभ्या राहिल्या, झारी तिरपी, अंगठा दाबलेला, रामरावांचे हात रिकामे. खूप वेळ. हसणं हळूहळू थांबलं. मग सगळ्यांना कळलं की अडतीस वर्षांपूर्वी त्या रिकामी ओंजळ घेऊन कशा उभ्या होत्या. बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या.

मग मावशींनी अंगठा उचलला. रामरावांच्या ओंजळीत पाणी पडलं. ते प्यायले, आणि ब्याऐंशी वर्षांच्या त्या माणसानं ओले हात जोडले. 'चुकलं, सुंदराबाई,' म्हणाले. माईक जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

पुढची गंमत तर विचारूच नकोस. पोरंटोरं पारावर चढली. ज्याला त्याला झारी हातात हवी, ज्याला त्याला अंगठा दाबून पाहायचा. सासू सुनेचं पाणी बंद करून पाहते, सून सासूचं. सरपंचबाई पौर्णिमाताईंनी स्वतः नवऱ्याचं बंद केलं आणि 'खरं बोला, मग देते' म्हणाल्या. झारी रिकामी व्हायची, कोणी बादली आणायचं, कोणी जार ओतायचं. शुभंकर मोजत होता, म्हणे एकवीस वेळा भरली.

त्यातच अद्वैत आतून पोथी घेऊन आला. मला वाटलं, आता हा भांडणार. त्यानं माईक घेतला आणि महाराजांच्या पाण्याची गोष्ट जुन्या पोथीतून वाचली. दरवर्षी वाचतो, घाईघाईत. काल सावकाश वाचली. त्यात एक ओळ आहे, 'झारी रिती होय, गांव भरी.' अद्वैत तिथं थांबला. पुन्हा वाचली. मग समोर बादल्या घेऊन धावणाऱ्या लोकांकडे पाहत राहिला. म्हणाला, 'हे तर सरळच लिहिलंय.' चोराचं पाणी थांबतं असं त्या पोथीत कुठंही नाही. ते आमच्या घरानं जोडलं. महाराज जादूगार होते का, हा शुभंकरचा प्रश्न काल निकालात निघाला. झारी रिकामी होत होती आणि गाव ती भरत होतं. आमच्या आजोबांना ते पुरेसं वाटलं नाही.

फ्लेक्स संध्याकाळी अद्वैतनंच काढला. पुढच्या वर्षीपासून झारी देवघरात कुलपात न ठेवता पारावर साखळीनं बांधायची, ज्याला तहान लागेल त्यानं घ्यायची, असं ठरलं. भोक तसंच ठेवायचं म्हणाले पंच. पोरांना आवडतं.

आता माझं एक राहिलं. निघताना मी मावशींसमोर ओंजळ धरली. न मागता. झारी त्यांच्याच हातात होती. त्यांनी भरली, तिरपी केली, आणि अंगठा भोकावर ठेवला. माझ्याकडे पाहत राहिल्या. मी मान खाली घातली नाही, घालायची नाही असं ठरवलं होतं.

'माफ नाई केलं तुले,' म्हणाल्या. 'पन तू सांगतलं. बाप मेला तरी सगळ्यांसमोर त्याच्यावर नाई ढकललं. थे बरं केलं.'

आणि अंगठा उचलला. पाणी आलं, संध्या. मी प्यायले आणि तिथंच पारावर बसून रडले, आणि ती म्हातारी माझ्या डोक्यावर ओला हात ठेवून नागसेनला म्हणाली, 'चाल बापा, उशीर होते. संध्या वाट पाहून राहिली असंन.'

उद्या तुमच्याकडे जयंती. जय भीम. तू बोलवलंस तर येईन, नाही बोलवलंस तर पुन्हा पत्र लिहीन.

सही करत नाही. खोळीचा शेंदूर थोडा आणला होता, त्यात अंगठा बुडवून खाली ठसा उठवते आहे. तो कोणाचा हे आता सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुझ्या आईला पहिल्यापासून होतं.